न वाचलेला परिच्छेद

११ फेब्रुवारी

ताई,

तू माझ्यावर फोन आपटलास त्याला आज नऊ दिवस झाले. मी काही बोटांवर मोजत बसलेले नाही, पण दुकानातल्या कॅलेंडरवर सिलेंडरची तारीख लिहिताना नजर जातेच.

"एक शब्द पुढे बोललीस तर तुला कामावरून काढावं लागेल आणि हा सगळा अभ्यासच बंद करावा लागेल," असं म्हणालीस. बरं बाई, नाही बोलत. नोव्हेंबरात ती सीलबंद यादी उघडेपर्यंत कोणाच्या घरी काय आहे ते तुला कळता कामा नये, कळलं तर सगळं फुकट, एवढं माझ्याही डोक्यात शिरलंय. म्हणून लिहून ठेवते. पत्रं बाबांच्या वॉशरच्या डब्यात ठेवीन आणि यादी उघडली की एकदम पाठवीन. तोवर तू डोळ्यांवर पट्टी बांधून बस. तुमच्या शास्त्रात तीच रीत आहे म्हणे.

मला काय कळलंय ते नीट लिहिते, म्हणजे नंतर म्हणू नकोस की तुझी ही पकड उगाच आरडाओरडा करत होती. एकशे वीस घरं. प्रत्येक घरात नळाला जोडलेला एक पांढरा डबा, डब्यात एक हातभर कांडी. साठ घरांतली कांडी पाणी खरंच गाळते. उरलेल्या साठांत नुसती वाळू आणि स्पंज. कांडीवर फक्त आकडा, बाकी दिसायला सख्ख्या जुळ्या बहिणी. वर्षभर नोंदवाली दर आठवड्याला दारोदार जाऊन कोणाचं पोट बिघडलं ते लिहून घेणार. शेवटी यादी उघडून तुम्ही बघणार की खऱ्या कांडीने फरक पडला का. पडला, तर नगरपालिका वस्तीतल्या पाचही हजार घरांत खरे डबे लावणार. हे तूच मला समजावलंस, डबे जोडायचं आणि दर दोन महिन्यांनी कांड्या बदलायचं कामही तूच मिळवून दिलंस. उपकार विसरलेले नाही.

पण तुम्ही वजन सारखं केलंत, रंग सारखा केलात, आणि आवाज विसरलात. अगं, मी जन्मभर शेगड्या दुरुस्त करते, उगाच का सगळे मला पकड म्हणतात. बर्नर कुठे चोंदलाय ते मी खोलीबाहेरून सांगते. खरी कांडी कानाशी धरून हलवली तर गप्प राहते. खोटी सर्रर्र करते, अगदी बारीक. पहिल्या वेळी वाटलं तुटलीये. दहावीला कळलं की तुटलेली नाही, तशीच बनवलेली आहे.

मी फोनवर ओरडले ते एवढ्याचसाठी. लोकांनी पाणी उकळणं बंद केलंय, ताई. डबा लागला, आता गॅस कशाला जाळायचा, असं सगळे म्हणतात. आणि निम्म्यांच्या डब्यात वाळू आहे. तू इतक्या लांब काचेच्या इमारतीत बसून उंटावरून शेळ्या हाकतेस, तुला हे दिसत नाही. मला दिसतं, कारण माझ्या देखत लोक तो नळ सोडून पोरांना पाणी पाजतात.

माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी
पकड


४ मार्च

ताई,

टाकीमागच्या गल्लीत एक घर आहे. नवरा-बायको दोघं धोबीखान्यात इस्त्री करतात, नऊ महिन्यांची जुळी मुलं आहेत. एक गुबगुबीत आणि एक नुसतं डोळे. त्या डोळेवाल्याला महिन्याभरात दोनदा सलाइन लावलं. काल त्यांच्या नळाची गळती काढायला गेले होते. त्यांची कांडी सर्रर्र करते, ते मला आधीच माहीत होतं. आई म्हणाली, "उकळायचं सोडलंय मी. तुम्हीच लावलात ना डबा? तेवढंच एक काम कमी झालं बघा." आणि माझ्यासमोर बाटलीत पाणी भरून झाकण लावलं.

तोंडाला कुलूप लावून मी पान्हा फिरवत राहिले. सांगितलं तर तुझा अभ्यास बुडाला. नाही सांगितलं तर ती बाटली. दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा "वॉशर झिजलाय" एवढंच बाहेर पडलं.

आज त्यांच्या डब्यात खरी कांडी आहे. किटलीच्या वाफेवर आकड्याची चिठ्ठी अलगद सुटते आणि दुसऱ्या कांडीवर तशीच बसते, कागदोपत्री काही हललेलं नाही. खरी कांडी आली कुठून ते विचारू नकोस. आली.

दुपारी जेवण गेलं. कितीतरी दिवसांनी.

पकड


२१ एप्रिल

ताई,

ऑफिसातले तुझे डॉक्टर साहेब आज पेटी मोजत होते. हा माणूस बोलताना दर वाक्याला घड्याळ बघतो, म्हणून आम्ही त्यांना घड्याळ साहेब म्हणतो. एकशे वीस जुन्या कांड्या परत आल्या, एकशे वीस नव्या गेल्या. त्यांनी एक जुनी उचलून आकडा वाचला, खाली ठेवली, परत उचलली. "चिठ्ठ्या ओल्या होतात का हो?" म्हणाले. म्हटलं, पाण्याचंच काम आहे साहेब, कोरड्या कशा राहतील. हसले आणि घड्याळ बघितलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. रस्त्यात कोणी "ओ पकड!" अशी हाक मारली तरी दचकायला होतं.

पण ऐक. खोटी कांडी आणि घरात पाच वर्षांखालचं मूल, अशी घरं एकोणीस होती. आता त्यातलं एकही राहिलेलं नाही. डोळेवाल्या जुळ्याने वजन धरलंय. त्याची आई मला बघितलं की हात जोडते आणि मला कुठे लपू असं होतं. तरी सांगते, बरं वाटतं. तुझ्यासारखं माझं नाव कुठे छापून येणार नाही, पण एकोणीस घरांत पोरं रडत नाहीत, हे माझं मला माहीत आहे. सगळं एका वहीत टिपून ठेवलंय, तारखेसकट. तूच म्हणायचीस ना, नोंद नसेल तर काम झालंच नाही.

आता तू गणितात हुशार. कांड्या एकशे वीसच होत्या आणि एकशे वीसच आहेत, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्यावर मी आज लिहिणार नाही.

पकड


९ जून

ताई,

एक बातमी. आपल्या गणिताच्या बाई दवाखान्यात आहेत. कावीळ.

तुला आवडायच्या म्हणून कळवते. म्हणजे कळवत नाहीये, हे डब्यातच जाणार आहे. एकाहत्तर वय त्यांचं. डॉक्टर म्हणतात, पाण्यातून आली असावी. नोंदवालीने त्यांच्या पानावर नोंद केली.

दुकान आज उघडलं नाही. डोकं दुखतंय.

पकड


२७ जून

ताई,

गेले अठरा दिवस मी रोज दवाखान्यात जाते. बाईंना वाटतं मी फार मायाळू झालेय. त्या पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "तुला शेगड्या नाहीत का ग दुरुस्त करायला?" आवाजातला चाबूक अजून तसाच आहे, फक्त हात उचलत नाही. परवा पाण्याचा पेला धरला तर निम्मा अंगावर सांडला. मी पुसायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, वाळेल."

आता सांगून टाकते. कांडी दुकानात मिळत नाही, ताई. पेटीत मोजून येते, मोजून परत जाते. एका घरी खरी द्यायची तर दुसऱ्या घरची काढावी लागते, आणि त्या दुसऱ्या घरी खोटी ठेवावी लागते. लहान मूल नसलेली, खऱ्या कांडीची घरं मी शोधून काढली. एकोणीस घरांसाठी एकोणीस घरं. नव्या कांड्या आल्या की परत तीच अदलाबदल. मनाशी म्हटलं, मोठी माणसं आहेत, चार दिवस पोट बिघडलं तर मरत नाहीत. जुळ्यांना जी कांडी दिली, ती बाईंच्या डब्यातली होती. सगळ्यात पहिली अदलाबदल. वहीच्या पहिल्या पानावर आहे.

आणि बाईच पहिल्या का, हा प्रश्न मला दिवसभर कुरतडतो. हिशेबाने बघितलं तर बरोबर होतं. एकटी बाई, दगड पचवेल अशी तब्येत, घर जुळ्यांच्या गल्लीला लागून. पण तसं तर शिंप्याचं घरही लागूनच होतं, आणि त्याचीही कांडी खरी होती. नवरा-बायको दोघंच, तेही धडधाकट. मी शिंप्याकडे गेले नाही. ताई, सातवीत बाईंनी भर वर्गात म्हटलं होतं, "ताईच्या पासंगालाही पुरायची नाहीस तू." तीस मुली हसल्या होत्या. त्यांची कांडी काढताना ते माझ्या मनात होतं का? मला आठवत नाही. आठवत नाही याचीच भीती वाटते, कारण त्या दिवशीचं बाकी सगळं आठवतंय. त्यांच्या खिडकीत वाळत घातलेला टॉवेलसुद्धा.

बाई उद्या घरी येतील. मी काल त्यांच्या डब्यात खरी कांडी परत बसवली. आता तू विचारशील कुठून आणली.

शिंप्याकडून.

बघ, एक झाकायला दुसरं. माझा हात आता सरावलाय, चिठ्ठी काढायला अर्धं मिनिटही लागत नाही. याचीच जास्त धास्ती वाटते.

पकड


३० ऑगस्ट

ताई,

आज घड्याळ साहेबांनी चहाला बोलावलं. मला वाटलं, संपलं. वही कमरेला खोचून गेले. का ते मलाही माहीत नाही. त्यांनी हिसकावली असती तर काय कुस्ती खेळणार होते?

तर ते खुशीत होते. म्हणाले, तुमचं काम फार चोख आहे, ताईंना कळवलंय. मग सहज बोलता बोलता म्हणाले, "जूनमध्ये देखरेख समितीने आकडे बघितले. त्यांना यादी बघायची मुभा असते ना, आपल्याला नसते. दोन्ही गटांत मोठा फरक दिसला असता, तर त्यांनी तिथेच थांबवलं असतं आणि उरलेल्या साठ घरांनाही लगेच खऱ्या कांड्या दिल्या असत्या. माणसांना उगाच कशाला ताटकळत ठेवायचं? पण त्यांनी चालू ठेवा म्हणून कळवलं. म्हणजे फारसा फरक दिसत नसावा. वाईट वाटतं हो. इतकी आशा होती."

मी चहा पीत होते.

कळलं का तुला? यादीप्रमाणे खोटी कांडी असलेल्या घरांत पोरं ठणठणीत, कारण मी तिथे खरी बसवली. यादीप्रमाणे खरी असलेल्या घरांत बाईंना कावीळ, कारण मी तिथे खोटी बसवली. समितीने काय बघायचं मग? मी हात लावला नसता तर जूनमध्येच सगळ्यांना खऱ्या कांड्या मिळाल्या असत्या. आता नोव्हेंबरात कागदावर येणार की डब्याने काही होत नाही. नगरपालिका म्हणणार, बरं झालं, खर्च वाचला. पाच हजार घरं, ताई. त्यात जुळी किती असतील?

आणि मार्चमध्ये हात लावला नसता, तर ते डोळेवालं जूनपर्यंत राहिलं असतं का? हे मला कोणी सांगेल का? तू सांगशील? मी हेच डोक्यात उलटं-पालटं करत असते. एकदा या बाजूने येते, एकदा त्या.

अजून एक राहिलंय. साहेब पुढे म्हणाले, "समितीने एवढंच विचारलं की लोकांना पाणी उकळत राहायला सांगितलं होतं ना? मी म्हटलं, संमतीपत्रात स्पष्ट लिहिलंय, तिसरा परिच्छेद. एकशे वीस सह्या आहेत."

त्या सह्या मी घेतल्या होत्या. तू पाठवलेलं संमतीपत्र मी दारोदार मोठ्याने वाचायचं, मग सही किंवा अंगठा. पहिल्या आठ घरांत सगळं वाचलं. तिसरा परिच्छेद मला अजून पाठ आहे: "तुमच्या घरी बसवलेलं यंत्र पाणी शुद्ध करेलच असं नाही. निम्म्या घरांत पाणी न गाळणारं यंत्र असेल. म्हणून पूर्वीप्रमाणेच पाणी उकळून प्या." आठातल्या पाच घरांनी हात जोडून नको म्हटलं. "मग भिंतीला भोक कशाला पाडता?" म्हणाले. साहेबांना आठवड्यात एकशे वीस हवे होते. मला वाटलं, तुझं काम अडतंय. आणि खरं सांगू, मला वाटलं हे आपलं कागदावर असतं तसं काहीतरी आहे, औषधाच्या बाटलीवर असतं तसं. निम्मे म्हणजे खरोखर निम्मे, वाळू भरलेले, हे माझ्या मनातही आलं नाही. नवव्या घरापासून मी दुसऱ्या परिच्छेदावरून सरळ चौथ्यावर गेले. चौथ्यात लिहिलंय की डबा फुकट आहे.

फेब्रुवारीत मी तुझ्यावर ओरडले की लोकांना अंधारात ठेवलंस. तेव्हाही मला हे माहीत होतं. लिहिताना हात अडखळला होता आणि मी तो पुढे रेटला.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण हात माझा आणि अवलक्षण दुसऱ्यांच्या घरी.

पकड


१४ ऑक्टोबर

ताई,

दोन आठवडे मी आडून आडून सांगायचा प्रयत्न करतेय. "नळाला गढूळ येतंय, उकळून घ्या हं." लोक हसतात. "डबा आहे की! तुम्हीच लावलाय आणि तुमचाच भरवसा नाही?" शिंपी तर माझ्यासमोर गटागटा पेलाभर प्यायला, मला चिडवायला. मी बघत उभी राहिले. त्याच्या डब्यात काय आहे ते मीच ठेवलंय.

सरळ सांगायची हिंमत होत नाही. काम जाईल त्याचं एवढं नाही. जुळ्यांची आई हात जोडायची थांबेल, बाई परत सातवीतल्यासारखं बघतील, तू परत फोन आपटशील. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय आहे ते मला माहीत आहे म्हणून ती उघडत नाही.

लिहवत नाही.

पकड


६ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र डब्यात जाणार नाही. आधीच्या सगळ्या पत्रांसकट आज चारच्या कुरिअरने निघतंय. तुझी यादी सोमवारी उघडणार. त्याआधी हे तुझ्या हातात पडेल असं कुरिअरवाला शपथेवर सांगतो. तुमच्या शास्त्राप्रमाणे हे चालत नाही, माहीत आहे. पण यादी उघडून तुम्ही एकदा "फरक नाही" असं म्हणालात की ते परत घ्यायला कोणाची जीभ वळत नाही. त्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

सोबत वही आहे. कोणत्या तारखेला कोणत्या घरची कांडी कोणत्या घरी गेली ते त्यात आहे, शिंप्याच्यासकट. चिठ्ठीवरचा आकडा खोटा आहे, वहीतला खरा. वहीप्रमाणे नोंदी परत लावून बघितल्या तर काही हाती लागतं का, ते तू बघ. नाही लागलं तर माझं नाव घालून लिही की एका बाईने सगळं उलटंपालटं केलं म्हणून आकडा आला नाही. डबा वाईट म्हणून नाही. एवढं मात्र लिहीच. नगरपालिकेलाही लिही.

सकाळी साहेबांना सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं नाही, पहिल्यांदाच. मग म्हणाले, "मी एका आठवड्यात एकशे वीस मागितले होते, हेही लिहा." ते लिहिलं. नंतर ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

उद्यापासून मी एकशे वीस घरी तिसरा परिच्छेद वाचणार आहे. सोमवारची वाट बघत नाही. लोक मधल्या दोन दिवसांतही पाणी पितात. कोणी तोंडावर दार आपटेल, कोणी हात उगारेल, जे व्हायचं ते होऊ दे. जुळ्यांच्या घरी कोणत्या तोंडाने जायचं ते अजून कळत नाही. कारण त्यांच्यासाठी मी केलं ते चूक होतं असं माझ्या तोंडून अजूनही निघत नाही, ताई. निघालं तर ते खोटं असेल. आणि बरोबर होतं असंही निघत नाही.

बाईंकडे काल जाऊन आले. ते शेवटी लिहायचं ठेवलं.

कावीळ गेली, पण त्यांची शिकवणी बंदच आहे. फळ्यापुढे उभं राहवत नाही. मी गेले तेव्हा खुर्चीत बसून कोणाच्या तरी जुन्या वह्या तपासत होत्या, उगाच, हाताला सवय म्हणून. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कांडी, चिठ्ठी, जुळी, शिंपी. सातवीतलं वाक्यही. त्यांनी लाल पेन झाकण लावून खाली ठेवलं.

"तो कागद आणलायस?" म्हणाल्या.

होता माझ्याकडे. तिसरा परिच्छेद वाच म्हणाल्या. मी वाचला. "मोठ्याने. शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे." मी परत वाचला.

"हे तुझ्या ताईने लिहिलं?"

"हो."

"चांगलं लिहिलंय. आणि लिहून झाल्यावर कोणाला ऐकू गेलं का ते बघायला ती आली होती?"

"नाही. लांब असते ना ती."

"चाळीस वर्षं शिकवलं मी," बाई म्हणाल्या. "मी फळ्यावर लिहिलं होतं, असं म्हणून भागत नाही. पोरांना कळलं का, ते खाली उतरून बघावं लागतं. तिला सांग. हुशार आहे, तिला कळेल."

सांगितलं.

मग त्यांनी नळाच्या डब्याकडे बघितलं. मला वाटलं आता रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी तयारी करून गेले होते. म्हटलं, "बाई, सातवीतल्या त्या बोलण्याचा मी सूड घेतला असं नाही ना?"

"ते मला कसं कळणार? तुझं तूच बघ." मग म्हणाल्या, "मी तसं म्हणाले होते का? म्हणाले असेन. तेव्हा मी पुष्कळ बोलायचे."

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, आणि मग वर्गात म्हणायच्या तसं म्हणाल्या, "झालं? आता मार्च महिना आहे असं समज. तू माझ्या दारात आलीस. मला विचार."

"काय विचारू?"

"जे तेव्हा विचारायला हवं होतंस ते."

मला वाटलं थट्टा करताहेत. करत नव्हत्या. मी दाराबाहेर गेले, परत आत आले आणि विचारलं. "बाई, पलीकडच्या गल्लीत नऊ महिन्यांची जुळी आहेत. त्यांच्या डब्यात वाळू आहे. तुमची कांडी काढून त्यांना देऊ का? तुमच्याकडे मग वाळूची राहील, तुम्हाला पाणी उकळून प्यावं लागेल."

"दे की," बाई म्हणाल्या. "मला एकटीला पाणी लागतं किती?"

तुझी
पकड